उपवासाची बटाट्याची आमटी : जुन्या नाशकातील एका बिनपाटीच्या खानावळीत

गेल्या आषाढी एकादशीपासून पौष वद्य एकादशीपर्यंत मी या खानावळीत चार वेळा जेवलो. त्यांपैकी तीन वेळा उपवासाचे ताट घेतले आणि एकदा साध्या बुधवारी साधे जेवण घेतले. चारही वेळा पैसे देऊन जेवलो आणि मी काही लिहिणार आहे याची कल्पना खानावळीत कोणालाही नव्हती. हे आधीच सांगतो, कारण उपवासाच्या पदार्थांबद्दल आपल्याकडे एक तर भक्तिभावाने लिहिले जाते किंवा ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणून थट्टा केली जाते. ताटात वाढलेली आमटी चांगली झाली होती की नाही, हा साधा प्रश्न दोन्हीकडे राहून जातो. मला त्याच प्रश्नात रस आहे.

खानावळ जुन्या नाशकात, रविवार कारंजाकडून गोदाघाटाकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, एका वाड्याच्या तळमजल्यावर आहे. दाराबाहेर पाटी नाही. ओटीवर चार टेबले आणि त्यांना लावलेली लाकडी बाके आहेत, त्यामुळे एका वेळी सोळा माणसे बसतात, आणि सतरावा माणूस आला तर त्याने पायरीवर थांबायचे असते. स्वयंपाक काकू आणि त्यांच्या जाऊबाई करतात, तर वाढायला पुतण्या असतो. काकूंचे नाव बहुतेकांना ठाऊक नसावे. फोनवरही ‘काकू, उद्याची तीन ताटे’ एवढेच बोलावे लागते. एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी आणि महाशिवरात्र या दिवशी उपवासाचे ताट मिळते, एरवी साधे जेवण. उपवासाचे ताट हवे असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगून ठेवावे लागते, आणि ही अट त्या खरोखरच पाळतात. पहिल्या खेपेला मी न सांगता गेलो होतो. ‘तुमच्या वाटणीचा बटाटाच उकडलेला नाही हो,’ असे अगदी शांतपणे सांगून त्यांनी मला परत पाठवले होते. ती खेप मी वरच्या चारांत धरलेली नाही.

ताटात भगर, बटाट्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, एक साबुदाणा वडा, रताळ्याचा गोड कीस आणि वाटीभर ताक असते. किंमत १५० रुपये. भगर आणि आमटी मागाल तितकी मिळते, बाकीचे एकदाच वाढतात. या ताटातील आमटी सोडून बाकी पदार्थांबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण येथे पुन्हा पुन्हा यावेसे वाटते ते केवळ आमटीसाठी.

उपवासाची आमटी म्हटली की नाशिक परिसरात बहुतेक घरांत दाण्याची आमटी समजली जाते. भाजलेल्या शेंगदाण्यांचे वाटण, तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची आणि आमसूल, असा तिचा ठरलेला मेळ आहे. बटाटा त्यात असला तर चार फोडींपुरता, पाहुण्यासारखा असतो. येथे मात्र बटाटा हाच आमटीचा पाया आहे आणि दाण्याचे कूट त्याच्या मदतीला आहे. आमटी वाटीत पडते तेव्हा ती हस्तिदंती रंगाची, किंचित पिवळसर दिसते; वर तुपाचे बारीक थेंब तरंगत असतात आणि मिरचीचे हिरवे कण तळाशी बसतात. ती पळीवरून सलग धारेने उतरते, गोळे पडत नाहीत आणि पाणीही वेगळे होत नाही. पहिल्या घासाला बटाट्याचा मऊ, जवळजवळ दुधासारखा स्निग्धपणा जिभेवर येतो, मग दाण्याचा खमंगपणा कळतो आणि घास गिळल्यावर घशाशी मिरची जाणवते. आंबटपणा सर्वांत शेवटी, तोही अगदी हलका. ‘आमटी’ या शब्दातच आंबटपणा दडलेला आहे, परंतु हल्ली बाहेरच्या खाण्यात उपवासाची आमटी गोडाकडेच अधिक झुकलेली असते. येथील आमटी आपल्या नावाला जागते.

हे कशाने साधते याचे मला कुतूहल होते. ओटीवरच्या कोपऱ्यातील बाकावर बसले की स्वयंपाकघराचे दार समोर येते, त्यामुळे श्रावणातल्या सोमवारी मी बरेच पाहिले आणि जे दिसले नाही ते विचारून घेतले. बटाटे सालीसकट उकडतात. सोलल्यावर त्यांचे दोन भाग करतात. अर्धे बटाटे गरम असतानाच हाताने कुस्करतात आणि अर्धे थंड झाल्यावर फोडी करून बाजूला ठेवतात. दाणे मंद आचेवर भाजून, सालपटे पाखडून, जिरे आणि हिरव्या मिरचीबरोबर थोडे पाणी घालून गंधासारखे वाटतात. पाटा-वरवंटा स्वयंपाकघरात आहे, पण तो भिंतीला टेकवून ठेवलेला; वाटण मिक्सरवरच होते, आणि ते लपवण्याचा कोणी प्रयत्न केला नाही, हेही मला आवडले. तुपात जिरे तडतडले की वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परततात, मग कढत पाणी, मग कुस्करलेला बटाटा. याला चांगला कढ आला की फोडी, सैंधव आणि सुपारीएवढा गूळ. आमसूल पातेले उतरवण्याच्या अगदी आधी.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. बटाट्यातील पिष्टाचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगतात आणि आमटीला दाटपणा येतो. बटाटा गरम असताना कुस्करला तर तो पाण्यात सहज मिसळतो, थंड करून मिक्सरमध्ये फिरवला तर मात्र पिष्ट मोकळे होऊन खळीसारखा चिकट लगदा होतो. मिक्सर हाताशी असूनही काकू बटाटा त्यात घालत नाहीत, त्याचे कारण हेच. आमसूल शेवटी घालण्यालाही असाच आधार आहे. आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे द्रव्य लवकर सुटत नाही, म्हणून ज्या आमटीत कच्च्या फोडी आणि आमसूल एकदमच पडतात तिच्यातील फोडी कितीही उकळल्या तरी मध्यभागी कडसर राहतात. काकूंनी हे अर्थातच अशा शब्दांत सांगितले नाही. ‘आमसूल आधी घातलं की बटाटा रुसतो,’ एवढेच त्या म्हणाल्या.

या तुलनेत शहरातल्या इतर उपाहारगृहांत मिळणारी उपवासाची आमटी कशी असते हे ज्यांनी चाखले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दाणे महाग झाले की कूट कमी होते आणि दाटपणासाठी शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ पाण्यात कालवून लावले जाते. पीठ लावणे हा काही गुन्हा नव्हे. निफाडकडची माझी आजीसुद्धा आमटी पातळ वाटली की चमचाभर राजगिऱ्याचे पीठ लावत असे. पण ते चमचाभर असे आणि त्याला पुरेसा कढ मिळे. घाईत लावलेल्या पिठाचा कच्चा वास आणि ओठांना चिकटणारा बुळबुळीतपणा ज्या आमटीत येतो ती दोन घासांपलीकडे जात नाही. या खानावळीत पीठ लावत नाहीत. बटाट्यानेच बटाट्याची आमटी दाट करायची, हा येथील खरा गुण आहे.

आषाढीच्या दिवशी माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी पहिला भुरका घेतला आणि ‘ऋषिमुनींपासून चालत आलेला आहार आहे हा,’ असे समोरच्या तरुणाला समजावून सांगितले. मी काही बोललो नाही, कारण ते आनंदाने जेवत होते आणि आमटीही गरम होती. परंतु खरी हकिगत अशी आहे की त्या ताटातील बऱ्याच गोष्टी ऋषिमुनींना दाखवल्या असत्या तर त्यांनी ओळखल्याच नसत्या. बटाटा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या परिसरात तो सात-आठ हजार वर्षांपूर्वी माणसाने लागवडीखाली आणला. शेंगदाणा बोलिव्हियाच्या दक्षिण भागातला आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनातला. मिरची अमेरिकेतली, रताळे अमेरिकेतले, ज्या कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तोही तिकडचाच, आणि ज्याचे लाडू आपण उपवासाला निःशंकपणे खातो तो राजगिरासुद्धा मूळचा मेक्सिकोकडचा. हे सारे सोळाव्या शतकापासून पुढे केव्हा ना केव्हा समुद्रमार्गे आपल्याकडे आले. बटाटा हा शब्दही पोर्तुगिजांनी आणला; कॅरिबियन बेटांवर मुळात तो रताळ्याचे नाव होता. उत्तरेकडे कंदासाठीचा जुना ‘आलू’ हा शब्द या नव्या कंदाला दिला गेला आणि पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कोकणी, मराठी आणि गुजरातीत, पोर्तुगिजांचा शब्द टिकला. आपण कोणाकडून बटाटा घेतला याची पावती अशी आपल्या जिभेवरच आहे.

मग हा परदेशी कंद उपवासाच्या ताटात इतक्या सहजपणे कसा जाऊन बसला? माझी समजूत अशी आहे की उपवासाचा नियम ही मुळात पदार्थांची यादी नसून एक वर्गवारी आहे. धान्य आणि डाळी वर्ज्य, कंदमुळे आणि फळे चालतात, अशी चौकट आधीपासून तयार होती. बटाटा आला, तो जमिनीखाली वाढतो हे दिसले आणि त्याला कंदांच्या रांगेत पाट मिळाला. चौकट जुनी, आत बसलेला पाहुणा नवा. तरीही ही चौकट सर्वत्र सारखी नाही, हे याच गल्लीत दिसते. काकूंच्या शेजारच्या जैन कुटुंबात बटाटा नेमका जमिनीखाली वाढतो म्हणूनच वर्ज्य आहे. काही घरांत एकादशीला भगर चालत नाही, पण सोमवारी चालते. काही घरांत जिरे चालते आणि कोथिंबीर चालत नाही, तर काही घरांत याच्या नेमके उलट. काकू आमटीत कोथिंबीर आणि हळद घालत नाहीत, आणि भगर नको असणाऱ्यांसाठी एकादशीला राजगिऱ्याच्या पुऱ्या वेगळ्या ठेवतात. मात्र त्या आधी सांगाव्या लागतात.

नोकरीच्या काळात कंपनीने मला काही आठवडे जर्मनीत स्टुटगार्टला पाठवले होते. तेथील उपाहारगृहात थंडीच्या दिवसांत दुपारी बटाट्याचे सूप असायचे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ साली आपल्या प्रजेने बटाटा लावावा म्हणून फर्मान काढले होते. ज्या पदार्थासाठी राजाला हुकूम सोडावा लागला तोच आज जर्मन घराघरात आजीच्या हातचा पदार्थ मानला जातो. त्या सुपात गाजर, लीक आणि सेलरीचा कंद असे, आणि वर एक सुकवलेला पाला भुरभुरलेला असे, ज्याचा वास मला ओळखीचा वाटत होता पण नाव आठवत नव्हते. चार-पाच दिवसांनी लक्षात आले की तो मरवा होता. आपल्याकडे गजऱ्यात अबोलीबरोबर ओवतात तो मरवा! बायकोला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने ‘मग सुपातून देवळाचा वास येत असेल’ असे उत्तर दिले होते, आणि ते अगदी खरे होते.

पण काकूंच्या आमटीचे जवळचे नाते जर्मनीशी नाही. बोलिव्हियात ‘सोपा दे मनी’ नावाचे सूप घरोघरी करतात; मनी म्हणजे भुईमूग. त्यात दाणे वाटून पाण्यात उकळतात, बटाटा घालतात आणि दाट होईपर्यंत शिजवतात. तिकडे दाणे बहुधा भाजत नाहीत, म्हणून सूप पांढरट होते, आणि त्यात मांसही असते, त्यामुळे आपल्या एकादशीला ते अर्थातच चालणार नाही. तरीही वाटलेला दाणा आणि बटाटा यांची जोडी तीच आहे. ज्या मुलखात हे दोन्ही जिन्नस जन्मले तेथे ते एका पातेल्यात शिजत होते; मग एकमेकांपासून दूर जाऊन वेगवेगळ्या जहाजांतून निरनिराळ्या काळी आपल्याकडे आले आणि गोदावरीच्या काठी उपवासाच्या निमित्ताने पुन्हा एकाच पातेल्यात पडले. त्यांची ही भेट कोणी ठरवून घडवलेली नाही. दाण्याचा स्निग्धपणा आणि बटाट्याचे पिष्ट एकमेकांना धरून ठेवतात, हे दोन्हीकडच्या बायकांना आपापल्या चुलीपाशी कळले असणार.

या ताटात इथल्या मातीतले जे आहे त्यात भगर सर्वांत महत्त्वाची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक आणि इगतपुरी या तालुक्यांतील आदिवासी शेतकरी डोंगरउतारांवर नागलीबरोबर वरई लावतात, आणि तिच्यावरचे टरफल काढून भगर तयार करणाऱ्या गिरण्या नाशकात मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्रात भगरीचे नाव निघाले की नाशिकचे नाव निघते ते त्यामुळे. अशा गावातल्या खानावळीने भगर चांगली करावी ही अपेक्षा रास्त आहे. काकूंची भगर तुपावर परतून, दुप्पटीहून थोड्या अधिक आधणाच्या पाण्यात शिजवलेली असते आणि तिचा दाणा सुटा राहतो, त्यामुळे आमटी तिच्यात मुरते, तिच्यावरून वाहून जात नाही. श्रावणी सोमवारी मात्र ती गिच्च झाली होती.

त्या सोमवारबद्दल थोडे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. तो श्रावणातला तिसरा सोमवार होता. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी त्र्यंबकेश्वरला निघालेल्या आणि तिकडून परतलेल्या लोकांनी सगळे शहर भरून गेले होते आणि खानावळीच्या पायरीवर माणसांची रांग होती. मला आमटीची पहिली वाटी नेहमीसारखी मिळाली. दुसऱ्या वेळची आमटी मात्र उघडउघड पाणी वाढवून पुरवलेली होती. मिरची तेवढीच, मीठ कमी आणि आमसूल बहुधा विसरलेले. साबुदाणा वडा तेलकट होता आणि आतून गार. गर्दीच्या दिवशी आमटी पुरवावी लागते हे मला समजते, पण मग ‘आमटी एकदाच मिळेल’ असे सांगणे अधिक बरे झाले असते. मी पुतण्याला तसे म्हटले. त्याने ते आत जाऊन सांगितले की नाही हे मला माहीत नाही, परंतु पौषात मी पुन्हा गेलो तेव्हा ओटीवरच्या भिंतीवर ‘गर्दीच्या दिवशी आमटी दोनदा’ अशी खडूने लिहिलेली ओळ होती.

आषाढी आणि पौष या दोन एकादशींच्या आमटीत जो फरक होता तो मला या सगळ्यात अधिक रंजक वाटला, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. पावसाळ्यात बाजारात येणारा बटाटा बहुतांशी आग्र्याकडचा किंवा इंदूरकडचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून शीतगृहात ठेवलेला असतो. दोन ते चार अंश तापमानात महिनोन्‌महिने राहिलेल्या बटाट्यातील पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो. म्हणून आषाढातली आमटी मला गोडसर लागली, आणि त्या दिवशी काकूंनी गूळ मुळीच घातलेला नव्हता हे विचारल्यावर कळले. आमसूल मात्र त्यांनी सढळ हाताने घातले होते, त्यामुळे तो गोडवा अंगावर आला नाही. पौष वद्य एकादशीला, म्हणजे त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिवशी, बटाटा नवा होता. नव्या बटाट्याची साल बोटाने निघते, त्याला मातीचा ताजा वास असतो, पण त्यात पाणी अधिक आणि पिष्ट कमी. तो कुस्करला तरी आमटीला हवा तसा दाटपणा देत नाही. काकूंनी त्या दिवशी दाण्याचे वाटण वाढवले होते आणि फोडी कमी केल्या होत्या; आमटी रंगाने गडद, चवीला अधिक खमंग आणि थोडी जड झाली होती. मला स्वतःला आषाढातली अधिक आवडली. माझ्याबरोबर आलेल्या धाकट्या भावाला पौषातली आवडली आणि त्याने भगरीशिवाय नुसती आमटी तीन वाट्या प्यायली.

कोणता बटाटा घ्यायचा याचा त्यांचा ठोकताळा ऐकण्यासारखा आहे. गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो, तेथून त्या आठवड्याचा बटाटा आणतात. भाजीवाला ‘ज्योती आहे, घ्या’ म्हणतो. ही कुफरी ज्योती, १९६८ साली प्रसारित झालेली आणि शिमल्याजवळच्या कुफरीचे नाव मिरवणारी जात, इतकी जुनी आणि सर्वत्र पसरलेली की पुष्कळांना ते जातीचे नाव आहे हेही ठाऊक नसते. काकू नावाकडे लक्ष देत नाहीत. दोन बटाटे हातात घेऊन त्या वजन जोखतात. आकाराच्या मानाने जड असेल तो आमटीला, हलका असेल तो भाजीला. हा ठोकताळा शास्त्राला धरून आहे, कारण ज्या बटाट्यात पिष्ट जास्त त्याची घनता जास्त. हिरवट झालेला बटाटा मात्र त्या हातातही घेत नाहीत, कारण तो उन्हात पडून कडवट झालेला असतो.

साध्या बुधवारी मिळणाऱ्या बटाट्याच्या रश्श्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कांदा-खोबरे भाजून केलेला काळा मसाला, वर लाल तर्री, आत मोठ्या फोडी. चव वाईट नव्हती, पण नाशकात अशी तर्री चौकाचौकात मिसळीबरोबर मिळते आणि तेथे ती अधिक चांगली असते. जी माणसे बटाट्याला इतके जपून शिजवतात त्यांनी त्याला साध्या दिवशी मसाल्याखाली गाडून टाकावे, हे मला विचित्र वाटले. त्या दिवशीची ज्वारीची भाकरी उत्तम होती, एवढे नोंदवून ठेवतो.

उपवासाच्या ताटातील इतर पदार्थांपैकी काकडीची कोशिंबीर ताजी असते, रताळ्याचा कीस आमच्या घरच्यापेक्षा गोड असतो आणि ताक पातळ, पण भरपूर. साबुदाणा वडा चार जेवणांतील तीन ताटांत मिळाला आणि एकदाही मन भरले नाही. त्याऐवजी भाजलेले रताळे दिले तर किंमत तीच ठेवूनही कोणी तक्रार करणार नाही.

घरी न्यायचे असेल तर स्वतःचा डबा न्यावा. तेथे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, आणि कढत आमटी पिशवीत घेणे मला पसंत नाही. दुसरी अडचण अशी की ही आमटी गार झाली की घट्ट होते. फुगलेले पिष्ट थंड होताना आळते आणि घरी पोहोचेपर्यंत आमटीचा पिठल्यासारखा गोळा होतो. मी पहिल्यांदा तो पाहून बिघडली असे समजलो होतो. त्यात गार पाणी घालून ढवळू नये. अर्धी वाटी कढत पाणी थोडेथोडे घालत मंद आचेवर गरम केली तर ती पुष्कळशी पूर्वपदावर येते. मात्र आमसुलाचा आंबटपणा तोपर्यंत वाढलेला असतो. घरपोच सेवा नाही आणि मला ती नसावीच असे वाटते.

गाडी गल्लीत नेण्याचा प्रयत्न करू नये; रविवार कारंजाच्या अलीकडेच ठेवून चालत यावे. उतरताना ठीक वाटते, जेवून वर चढताना जुन्या नाशकातील चढाची जाणीव होते, म्हणून गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे. बाकांना पाठ नाही, हात धुण्याची जागा अंगणात आहे आणि पावसाळ्यात तेथे निसरडे होते. पैसे रोख किंवा मोबाइलवरून, दोन्ही चालतात. स्वच्छतेबद्दल मला काही म्हणायचे नाही; पातेली लख्ख असतात आणि पिण्याचे पाणी माठातले, गाळलेले असते.

वेळ अकरा ते दोन अशी सांगितली जाते. साडेअकराच्या सुमारास गेलात तर भगर उत्तम मिळते, पण आमटी तेव्हा नुकतीच उतरवलेली असते आणि तिला अजून पुरता दाटपणा आलेला नसतो. दीडनंतर गेलात तर पातेल्याच्या तळची आमटी मिळते. तीत फोडींच्या कडा विरघळलेल्या असतात, तूप आणि दाणा एकजीव झालेला असतो, आणि या खानावळीतली सर्वांत चांगली वाटी तीच. ती मिळावी म्हणून मी हल्ली फोनवरच ‘दीडला येतो’ असे सांगतो. काकू ‘भगर उरेलच असं नाही हं,’ म्हणतात, आणि पौषात ती खरोखरच संपली होती.